जगातलं सर्वात कोरडं सोयाबीन

ऑक्टोबरात लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनची आवक वाढली की काट्याशेजारच्या टेबलावरच्या संगणकाला दम खायला वेळ मिळत नाही. पडद्यावर पावतीचा फॉर्म उघडा असतो. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, आणि यांच्यात कुठेतरी एक लहानशी चौकट: ओलावा टक्के. अशा एखाद्या दुकानाची कल्पना करा. ओलावा मोजायचं यंत्र शेजारच्यांनी मागून नेलेलं आहे, बाहेर ट्रॅक्टरची रांग लागली आहे.

‘मालक, ओलावा टाकायचा राहिलाय.’

‘राहू दे रे, घेतंय ते.’

मुनीम एंटर दाबतो आणि खरंच, घेतं ते. पावती छापून येते. ओलाव्यासमोर आकडा असतो ०.००.

आता गंमत बघा. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला साधारणपणे १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. २०२४ च्या हंगामात ती मर्यादा १५ पर्यंत सैल केली होती. समजा याच सॉफ्टवेअरमध्ये माल निवडायची एक अट आहे, ओलावा १२ किंवा त्याहून कमी असेल तर माल चांगला. शून्य बारापेक्षा कमीच असतं, तेव्हा हा माल पास. आधीच्या ट्रॅक्टरमधला माल मात्र कुणीतरी इमानदारीने मोजला होता, १३.५ टक्के, तो बाजूला. जे सोयाबीन कुणी मोजलंच नाही ते जगातलं सर्वात कोरडं सोयाबीन ठरलं, आणि संगणकाला त्यात काहीही वावगं वाटलं नाही.

मुनिमाला किंवा मालकाला बोल लावून उपयोग नाही. या प्रकाराचं मूळ संगणकाच्या पोटात फार खोल आहे.

संगणक पूर्णांक साठवतो तेव्हा त्यासाठी ठरावीक जागा राखून ठेवतो. बहुतेक वेळा ती ३२ बिटांची असते. एकेक बिट म्हणजे चालू किंवा बंद. अशा ३२ बिटांच्या एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ मांडण्या होतात, आणि त्यातली प्रत्येक मांडणी कुठल्या ना कुठल्या आकड्याला देऊन टाकलेली आहे. एकही शिल्लक नाही. सगळे बिट बंद केले तर जागा रिकामी झाली असं आपल्याला वाटेल. पण ती मांडणी शून्याची आहे. सव्वाचारशे कोटींहून जास्त आकडे मावतील एवढी जागा, आणि ‘इथे काही नाही’ एवढं सांगायला त्यात एक कोपरा नाही!

पडद्यावरची चौकट वेगळ्या दुनियेतली. तिथे आपण टाइप करतो ती अक्षरं. ‘१३.५’ हीसुद्धा चौकटीच्या लेखी चार अक्षरंच. रिकामी चौकट म्हणजे शून्य अक्षरांचा मजकूर, आणि तो मजकुरात पूर्णपणे वैध आहे. मजकुराच्या बाजूला रिकामेपणाला जागा आहे, आकड्याच्या बाजूला नाही, आणि या दोन्हींच्या मध्ये प्रोग्रामरने लिहिलेली एक ओळ उभी असते जी मजकुराचा आकडा करते. रिकाम्या मजकुराचा आकडा काय करायचा, हे ती ओळ ठरवते. ती लिहिणाऱ्याने कदाचित याचा विचारही केलेला नसतो.

मग भाषेभाषेत काय होतं? व्हिज्युअल बेसिकमध्ये ‘व्हॅल’ नावाच्या आज्ञेला रिकामा मजकूर दिला तर ती निमूटपणे शून्य देते. त्याच भाषेतली ‘सीइंट’ ही आज्ञा त्याच रिकाम्या मजकुराला ‘प्रकार जुळत नाही’ म्हणत प्रोग्राम थांबवते. डेल्फीही अडून बसते. जावास्क्रिप्टमध्ये ‘नंबर’ म्हणून विचारलं तर शून्य, आणि ‘पार्सइंट’ म्हणून विचारलं तर ‘हा आकडाच नाही’ असं उत्तर येतं. एकाच भाषेला दोन दारांनी विचारावं आणि दोन उत्तरं मिळावीत, असला हा कारभार. गावोगावच्या दुकानांतल्या हिशोबाच्या कितीतरी सॉफ्टवेअरांचा जन्म व्हिज्युअल बेसिकमध्ये झाला, आणि घाईत असलेल्या प्रोग्रामरला दोन दारांपैकी भांडण न करणारं दार आवडणं साहजिक आहे. आपलं कोरडं सोयाबीन बहुधा त्याच दारातून आत आलं असणार.

विंडोजवर आकड्यांसाठी म्हणून खास एक चौकट मिळते, शेजारी वर-खाली करायचे दोन छोटे बाण असलेली. प्रोग्रामरने काही बदललं नाही तर ती ० ते १०० एवढेच आकडे घेते. तिचं वागणं तर आणखी मजेशीर. तिच्यातला आकडा बॅकस्पेसने पुसून पुढच्या चौकटीत गेलात तर डोळ्यांना ती रिकामी दिसते, पण आत जुनाच आकडा जागा धरून बसलेला असू शकतो. मागच्या शेतकऱ्याचा १३.५ पुसला म्हणून तुम्ही निर्धास्त, आणि नोंद झाली १३.५ चीच. मला विचाराल तर हे खोट्या शून्यापेक्षा वाईट. शून्य निदान संशय तरी आणतं.

आणि रिकामेपण कधीकधी क्षणापुरतंच असतं. चौकटीत ८ आहे आणि ९ करायचे आहेत. ८ पुसलं की पुढचं बटण दाबेपर्यंत चौकट रिकामी. काही सॉफ्टवेअरं एवढ्यातच घाबरून तिथे ० ठेवतात. आपण ९ दाबतो आणि होतं ०९, किंवा कर्सर शून्याच्या आधी राहिला असेल तर ९०. तिकडे आणखी काही सॉफ्टवेअरं पहिलं अक्षर पुसताक्षणी ‘कृपया वैध संख्या भरा’ असं लाल अक्षरांत ओरडतात. अरे, भरतोच आहे की! माणूस अजून वाक्य बोलतोय हे कळण्याएवढी सबुरी आकड्यांच्या चौकटीत आणणं हे प्रोग्रामरचं कसब आहे, आणि ते अजूनही दुर्मिळ आहे.

हा गोंधळ पडद्यांपेक्षा जुना आहे. १९५७ साली आयबीएमने फोरट्रान ही भाषा आणली तेव्हा माहिती भरायची ती ८० रकान्यांच्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून. जिथे भोक नाही तो रकाना रिकामा. फोरट्रानच्या सुरुवातीच्या काळातला नियम असा होता की आकड्याच्या जागेत रिकामा रकाना आला तर तो शून्य समजायचा. आता समजा तीन रकान्यांची जागा आहे आणि ऑपरेटरने ५ हा आकडा उजवीकडच्याऐवजी डावीकडच्या रकान्यात टोचला. पुढचे दोन रिकामे. संगणकाने वाचलं ५००. पाच पोत्यांची पाचशे झाली, आणि कार्ड हातात घेऊन बघणाऱ्याला पाचच दिसत राहिले. पुढे फोरट्रानच्या १९७७ च्या मानकात रिकाम्या रकान्याकडे दुर्लक्ष करायचं की त्याला शून्य मानायचं, हे सांगायची सोय आली. म्हणजे पहिली वीस वर्षं हा प्रश्न विचारायचीसुद्धा नीट सोय नव्हती.

तुमच्याकडे एक्सेल असेल तर एक छोटा खेळ करून बघा. ए१ ही पेटी कोरी ठेवा. शेजारी विचारा, ए१ शून्याइतकी आहे का? उत्तर येईल, हो. आता विचारा, ए१ रिकाम्या मजकुराइतकी आहे का? उत्तर पुन्हा, हो. मग तिसरं विचारा, शून्य आणि रिकामा मजकूर सारखे आहेत का? उत्तर, नाही. शाळेत शिकलो होतो की दोन गोष्टी तिसरीशी सारख्या असतील तर त्या एकमेकींशीही सारख्या. युक्लिडपासून चालत आलेला नियम एका कोऱ्या पेटीसमोर हात टेकतो.

याच एक्सेलात एका आठवड्याचा पाऊस भरा, मिलिमीटरमध्ये: १४, ०, २१, मग एक पेटी कोरी, मग ०, ७, ०. सरासरी काढायला सांगा. येईल ७. कोऱ्या पेटीत आता शून्य टाइप करा. सरासरी होईल ६. बेरीज दोन्ही वेळा ४२ च. पाऊस एक थेंबही कमी झाला नाही, फक्त भागायचे दिवस सहाचे सात झाले. सरासरी काढणारी आज्ञा कोऱ्या पेटीला वगळते आणि बेरीज करणारं चिन्ह तिला शून्य मानतं. आज्ञा बनवणाऱ्यांनी केलेली निवड शहाणपणाचीच आहे. फक्त ती निवड झाली आहे हे वापरणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पावसाचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण मराठवाड्यात पावसाचा रकाना हा पैशाचा रकाना आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी. पावसात सलग २१ दिवस खंड पडला की पीकविम्याच्या आगाऊ रकमेची चर्चा सुरू व्हायची. २०२३ च्या ऑगस्टात मराठवाड्यात गावागावात हेच बोलणं होतं. दिवसाचा पाऊस अडीच मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर हवामानशास्त्र त्याला पावसाचा दिवसही म्हणत नाही.

आता समजा नांदेड जिल्ह्यातल्या एखाद्या मंडळात खंडाचा दहावा दिवस आहे, आणि त्या दिवशी हवामान केंद्राची बॅटरी बसली. नोंद आलीच नाही. दहावा दिवस शून्य धरला तर खंड पुढे चालू, एकविसाव्या दिवशी अट पूर्ण. ‘माहीत नाही’ धरला तर सलग हा शब्दच मोडतो आणि मोजणी कदाचित पुन्हा एकपासून. एकाच कोऱ्या पेटीचे दोन अर्थ, आणि मध्ये सुकत चाललेलं सोयाबीन. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर कोऱ्याला शून्य मानणं बरं वाटतं. पण उलट प्रसंगही आहे. रात्रभर कोसळला, केंद्र बंद पडलं, आणि नोंदीत शून्य आलं, तर अतिवृष्टी झालीच नाही असं कागद म्हणेल. कोऱ्या पेटीला नेहमी एकच आकडा देणारा कुठलाही नियम कुणाला तरी बुडवतोच.

हाताने मोजायच्या पर्जन्यमापकाची तर आणखी एक खोड आहे. मापनाची वेळ सकाळी साडेआठची. समजा एका दिवशी मोजणारा आलाच नाही. त्या दिवशी ४० मिलिमीटर पडला होता. तो बाटलीतच राहिला. दुसऱ्या दिवशी ३० पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं तर ७०. वहीत पहिला दिवस कोरा, दुसरा ७०. कोऱ्याला शून्य म्हणून संगणकात भरलं की पहिला दिवस कोरडा आणि दुसरा अतिवृष्टीचा, आणि हे दोन्ही कधी घडलेलंच नाही. कोरी जागा इथे ‘हा पाऊस उद्याच्या आकड्यात मिसळला आहे’ असं सांगत होती. शून्याला ते सांगता येत नाही.

स्वयंचलित केंद्र लागलं म्हणजे सुटलो असंही नाही. त्यात एक छोटी तराजूसारखी वाटी असते. ठरावीक पाणी भरलं की ती कलंडते आणि एक टिचकी मोजली जाते. पाऊस नसेल तर टिचक्या शून्य. पण वरच्या फनेलात झाडाचं पान अडकलं, कोळ्याने जाळं विणलं, तरी टिचक्या शून्यच. केंद्र चालू आहे, संदेश वेळेवर येतोय, आकडा स्वच्छ भरलेला आहे, आणि त्या शून्यामागे मुसळधार पाऊस असू शकतो. अशा ठिकाणी शेजारच्या मंडळांशी ताडून बघणं एवढाच इलाज.

आणि दुसऱ्या टोकाला तो पाऊस, जो पडतो पण मोजता येत नाही. मापकाच्या काचेवर ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी पाणी दिसलं तर हवामान खात्यात त्याला ‘ट्रेस’ म्हणतात, आणि आकड्याच्या रकान्यात एक इंग्रजी अक्षर लिहितात. शून्य लिहिणं खोटं, ०.१ लिहिणंही खोटं, म्हणून अक्षर. ज्या सॉफ्टवेअरने फक्त आकडे घ्यायचं ठरवलंय ते या अक्षराला दारातूनच परत पाठवतं.

कागदावर काम करणाऱ्यांनी हे दुखणं कधीच ओळखलं होतं. मुनिमाच्या वहीत ज्या रकान्यात काही नाही तिथे आडवी रेघ येते, जागा मोकळी सोडत नाहीत. पाच हजार रुपये लिहिल्यावर पुढे तिरकी रेघ आणि आडवी रेघ ओढतात, आणि अक्षरी रक्कम ‘फक्त’ने बंद करतात, म्हणजे मागून कुणी काही घुसडू नये. मला सर्वात कौतुक वाटतं ते सरकारी कचेरीतल्या निरंक अहवालाचं. तहसीलने विचारलं, तुमच्या गावात या महिन्यात अमुक घडलं का? घडलं नसेल तर गप्प बसायचं नाही. ‘माहिती निरंक’ असं लिहून, सही-शिक्का मारून पाठवायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काही नाही हे कळवायला कसला आलाय कागद? पण तो कागद आला नाही तर वरच्या साहेबाला कळणार कसं, की तिथे काही घडलं नाही की तिथल्या माणसाने अहवालच पाठवला नाही? निरंक अहवाल म्हणजे सहीनिशी आलेलं शून्य, आणि न आलेला अहवाल म्हणजे कोरी पेटी. लालफितीला आपण इतकी नावं ठेवतो, पण एवढ्या एका बाबतीत ती बऱ्याच प्रोग्रामरांच्या पुढे आहे.

परीक्षेतही तेच शहाणपण दिसतं. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीच्या महाविद्यालयांची परीक्षा त्याच्याकडे. असं कुठलंही विद्यापीठ घ्या, गुणांच्या यादीत पेपरला न बसलेल्यासमोर ० लिहून चालत नाही, गैरहजेरीचं वेगळं चिन्ह लागतं. ज्याला शून्य पडले तो तीन तास वर्गात बसला होता. त्याचा पेपर पुन्हा तपासता येतो. न बसलेल्याचा काय तपासणार?

लातूरच्या ट्यूशन एरियात हजारो पोरं याच प्रश्नाची दुसरी बाजू जगत असतात. नीट परीक्षेत बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक, आणि सोडलेल्या प्रश्नाला शून्य. म्हणजे तिथे कोरं सोडणं ही एक चाल आहे, आणि चुकीच्या उत्तरापेक्षा ती महाग नाही. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी मौज जेईई मेनच्या पडद्यावर आहे. तिथे काही प्रश्नांना पर्यायच नसतात. पडद्यावरच्या आकड्यांच्या पाटीवरून उत्तर टाइप करायचं. आणि उत्तर शून्य असू शकतं! ० टाइप केलेल्याला पूर्ण गुण मिळू शकतात आणि कोरं सोडलेल्याला काहीच नाही. इथे कोऱ्या चौकटीचं शून्य करणारं सॉफ्टवेअर असतं तर प्रश्न न सोडवलेल्या पोरांना फुकट गुण मिळाले असते.

त्या पडद्याच्या उजव्या बाजूला प्रश्नांच्या क्रमांकांची एक पाटी असते. लातूरचं कुठलंही बारावीचं पोर तिचे रंग झोपेत सांगेल. उत्तर दिलेला प्रश्न हिरवा. उघडला पण उत्तर दिलं नाही तो लाल. पुन्हा बघायचा म्हणून खूण केलेला जांभळा. आणि ज्याच्याकडे अजून फिरकलाच नाही तो बिनरंगी. निकालात लाल आणि बिनरंगी दोन्हींना गुण सारखेच, शून्य. तरीही ते वेगळे दाखवले आहेत, कारण ‘बघितलं आणि सोडलं’ आणि ‘बघितलंच नाही’ यातला फरक परीक्षेच्या शेवटच्या दहा मिनिटांत लाखमोलाचा असतो. ओलाव्याच्या चौकटीला असे रंग कुणी दिले असते तर मुनिमाला सुधारून घ्यायची संधी मिळाली असती.

मोठमोठ्या डोक्यांनी या कोऱ्या जागेशी झुंज दिली आहे. माहितीचे तक्ते कसे बांधावेत याचं शास्त्र एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलं. आजच्या बँकांपासून रेशन दुकानांपर्यंतचे डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. त्या शास्त्रात कोऱ्या जागेसाठी ‘नल’ नावाचं वेगळं चिन्ह आलं, आणि त्याच्याबरोबर खरं आणि खोटं यांच्या जोडीला तिसरं उत्तर आलं, माहीत नाही. दोन नल एकमेकांइतके आहेत का? माहीत नाही. पहिल्यांदा ऐकताना हे विक्षिप्त वाटतं. पण दोन शेतकऱ्यांचा ओलावा मोजलेला नसेल तर दोघांचा ओलावा सारखा आहे का, याचं प्रामाणिक उत्तर दुसरं काय असणार? पुढे कॉड यांना एक चिन्हही अपुरं वाटू लागलं. १९९० च्या पुस्तकात त्यांनी दोन सुचवली: एक, माहिती आहे पण आपल्याकडे आलेली नाही, दुसरं, इथे ही माहिती लागूच होत नाही. तुरीच्या शेंगा सोलायला आलेल्या मजुराच्या नावापुढे ‘जमीन किती एकर’ हा रकाना कोरा असतो तो दुसऱ्या कारणाने. डेटाबेस बनवणाऱ्यांनी दुसरं चिन्ह काही घेतलं नाही. एकानेच त्यांच्या नाकी नऊ आणले होते.

दशांश आकड्यांच्या बाजूलाही एक सोय झाली. १९८५ च्या एका मानकात बिटांच्या काही मांडण्या ‘हा आकडा नाही’ यासाठी राखून ठेवल्या. त्यांचा गुण असा की त्या स्वतःशीही समान नसतात, आणि एकदा बेरजेत शिरल्या की सगळी बेरीज तशीच होऊन बसते. पूर्णांकांना मात्र असलं काही मिळालं नाही. तिथे जुने लोक एखादा अशक्य आकडाच कोऱ्याची खूण म्हणून वापरत. पावसाच्या जुन्या फाइलींत उणे ९९९ दिसला तर घाबरू नका. त्या दिवशी नोंद नाही एवढाच त्याचा अर्थ. घाबरायचं ते कुणी ही खूण न ओळखता सरासरी काढली तर.

आणि कोऱ्याची खूण म्हणून वापरलेला शब्द खराच निघाला तर? अमेरिकेत कॅलिफोर्नियात एका गृहस्थाने गाडीसाठी हौसेने ‘नल’ अशी नंबरप्लेट घेतली. गाडी नंबर कोरा राहिलेल्या दुसऱ्यांच्या दंडाच्या पावत्या त्याच्या घरी यायला लागल्या, हजारो डॉलरच्या.

चांगली चौकट कशी असावी, यावर माझं मत साधं आहे. ती उघडताना कोरी असावी, आधीच ० भरून ठेवलेलं नसावं. भरलेलं शून्य हा आयता खोटा जबाब असतो. टॅब दाबत पुढे जाणाऱ्या माणसाचं बोट त्यावर थांबतच नाही. टाइप करताना तिने गप्प राहावं, आणि जतन करायच्या वेळी कोरी सापडली तर एकदाच विचारावं: मोजलं नाही, लागू नाही, की खरंच शून्य? तीन बटणं. मुनिमाचा एक सेकंद जास्त जाईल. प्रोग्रामरचं काम मात्र वाढेल, कारण पुढे प्रत्येक हिशोबात, प्रत्येक अहवालात त्याला ‘मोजलं नाही’चं काय करायचं ते ठरवत बसावं लागेल. म्हणूनच तो ते करत नाही.

शून्य खरंच शून्य असतं का, हाही प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाचा उपयुक्त साठा १७७ दशलक्ष घनमीटरच्या आसपास, आणि त्याखाली ४७ दशलक्ष घनमीटरचा मृतसाठा. वर्तमानपत्रात ‘मांजरा शून्य टक्के’ छापून येतं तेव्हा धरणात पाणी असतं, पण दरवाज्यातून सुटण्याच्या पातळीखाली. त्याच्याही खाली गेलं की आकडा उणे होतो. दुष्काळात जायकवाडीचे असे उणे टक्के लोकांनी वाचले आहेत. किमान मर्यादा ० ठेवलेली चौकट असा आकडा स्वीकारणारच नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाणी एक्स्प्रेस लातूरला पोचली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर, तेव्हा या जिल्ह्याचे पाण्याचे आकडे शून्याच्या कुठल्या बाजूला आहेत हे साध्या माणसालाही पाठ झालं होतं.

याच जिल्ह्यात कोऱ्या रकान्याला शून्य समजण्याची सर्वात मोठी किंमत मोजली गेली, आणि तो रकाना कुठल्या सॉफ्टवेअरमधला नव्हता. इमारती बांधताना भूकंपाचा किती विचार करायचा हे ठरवायला भारतीय मानक संस्थेचा नकाशा असतो. १९६२ च्या पहिल्या नकाशात विभाग ० ते ६ असे होते. हो, शून्य क्रमांकाचासुद्धा एक विभाग. नकाशे बनवताना मुख्य आधार असतो तो आधीच्या भूकंपांच्या नोंदींचा. दख्खनच्या काळ्या पाषाणाखालच्या प्रदेशाच्या नोंदी जवळपास कोऱ्या होत्या. डिसेंबर १९६७ मध्ये कोयना हादरलं. १९७० च्या सुधारणेत शून्य विभाग काढून टाकला, आणि विभाग १ ते ५ राहिले. लातूर-उस्मानाबादचा भाग सर्वात कमी धोक्याच्या विभाग १ मध्ये होता.

१९९२ मध्ये याच भागातल्या किल्लारीच्या परिसरात हादरे जाणवू लागले होते. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणेश विसर्जनाच्या रात्री, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. नोंदी कोऱ्या होत्या त्या जमीन शांत होती म्हणून नव्हे. मोजण्याचा काळ थोडा होता आणि जमिनीच्या हालचालीचा काळ लांब.

२००२ मध्ये नकाशा पुन्हा सुधारला. किल्लारीचा परिसर विभाग ३ मध्ये गेला आणि विभाग १ हा क्रमांकच रद्द झाला. आज देशाच्या नकाशावर सर्वात सुरक्षित समजल्या जाणाऱ्या जागेचाही क्रमांक २ आहे.